तरणतलावाचे पाणी: बदलण्यापेक्षा राखणे बरे

अलिबाग या नावातच विहीर आणि बाग आहे. अली नावाच्या एका धनिकाने या किनाऱ्यावर विहिरी खोदल्या, बागा फुलवल्या आणि ‘अलीची बाग’ हेच पुढे गावाचे नाव झाले, असे सांगतात. अलिबागसमोर समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यात गोड्या पाण्याची सोय आहे. मुरुडच्या जंजिऱ्यात तर चारी बाजूंना खारा समुद्र असताना तटबंदीच्या आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर किल्ला असो वा गाव, आधी गोडे पाणी शोधले गेले आणि मग भिंती उभ्या राहिल्या.

आज याच किनाऱ्यावर मांडवा, आवास, किहीम, थळ, वरसोली, नागाव आणि काशीदपर्यंत मुंबई-पुण्याच्या व्यापारी कुटुंबांची सुट्टीची घरे उभी आहेत. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारीसह समुद्र ओलांडणे सोपे झाले. घराभोवती नारळाची झाडे, अंगणात झोपाळा आणि मागच्या बाजूला छोटा तरणतलाव, हे आता नवलाचे राहिलेले नाही. नवल वाटते ते एप्रिल-मे महिन्यांत. नातवंडांना घेऊन कुटुंब दारात उतरते, तो तलावाचे पाणी दुधाळ झालेले असते. पाण्याच्या रेषेवरच्या फरशांना पांढरा थर चढलेला असतो. मुले पाण्यात उतरली की डोळे चुरचुरतात. देखभाल करणारा माळी हात जोडून एकच उपाय सुचवतो, “शेठ, पाणी सोडून नवीन भरू का?”

या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणण्याआधी एक हिशेब मांडून पाहावा.

चाळीस हजार लिटरचा हिशेब

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा घरगुती तलावात ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे चार टँकर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या मापाने पाच माणसांच्या घराला हे पाणी सुमारे १४५ दिवस पुरते. ते पाणी टँकरने आले, तरी कोणत्या तरी गावातल्या विहिरीतूनच उपसलेले असते. स्वतःच्या कूपनलिकेतून आले, तर त्याची किंमत शेजारची वाडी मोजते.

ती कशी, हे समजण्यासाठी किनाऱ्याची जमीन समजून घ्यावी लागते. समुद्रकाठच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. डच अभियंता बाडोन गायबेन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये यामागचा नियम स्वतंत्रपणे मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकून राहते. याचा उलटा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. सततच्या उपशाने वरची पातळी थोडीशी घटली, तरी खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढू पाहते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच विहिरींवर जगत आल्या आहेत. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत भरतीरेषेजवळच्या भूजल उपशावर निर्बंध घातले गेले, त्यामागे हेच कारण आहे.

जैन घरात पाणी तुपासारखे वापरावे, ही शिकवण आजीच्या तोंडून प्रत्येकाने ऐकलेली असते. पाणी गाळून घ्यावे आणि गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत जपून परत सोडावेत, ही रीतही जुनी आहे. अशा घरात तरणतलाव असावा की नसावा, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मात्र तो असेल, तर वर्षातून दोनदा चाळीस हजार लिटर पाणी गटारात सोडणे ना धर्माला धरून आहे, ना व्यवहाराला. आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

पांढरा थर येतो कोठून?

जमिनीतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून त्याला जड किंवा कठीण पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरीत समुद्राच्या पाण्याचे शंभरात पाच भाग जरी मिसळले, तरी काठिण्य लिटरमागे सुमारे तीनशे मिलिग्रॅमने वाढते.

काठिण्य ४०० असलेल्या पाण्याने आपला ४०,००० लिटरचा तलाव भरला, तर त्यात चुनखडीच्या हिशेबाने १६ किलो क्षार विरघळलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. आता उन्हाळा येतो. बाष्पीभवनाने रोज पाच मिलिमीटर पातळी उतरते असे धरले, तर ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून दररोज १६० लिटर पाणी उडून जाते. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतो. ती तूट विहिरीच्या पाण्याने भरून काढली, की रोज आणखी ६४ ग्रॅम क्षार जमा होतो. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत उडून जाणारे पाणी ३८,००० लिटरांच्या पुढे जाते आणि काठिण्य जवळजवळ दुप्पट होते. व्यापाऱ्याला हे गणित नवे नाही. रोज थोडी थोडी चढत गेलेली बाकी वर्षअखेरीस मुद्दलाएवढी होते, तसेच हे आहे.

म्हणून पहिला उपाय रसायनाचा नाही. तलाव वापरात नसताना त्यावर आच्छादन टाकावे. बाष्पीभवनातला मोठा हिस्सा त्याने वाचतो, पाला-पाचोळा आणि किडे पाण्यात पडत नाहीत, क्लोरीनही उन्हात उडून जात नाही. नवे पाणी जितके कमी, तितका नवा क्षार कमी.

दोष काठिण्याचा की सामूचा?

काठिण्य जास्त आहे एवढ्यानेच थर जमत नाही, हे या विषयातले सर्वांत उपयोगी सत्य आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये त्याची मांडणी केली. पाण्याचा सामू म्हणजेच पीएच, कॅल्शियमचे प्रमाण, अल्कलीपणा, तापमान आणि एकूण विरघळलेले क्षार या पाच गोष्टी मिळून ठरवतात की पाणी चुना बाहेर टाकणार, की भिंतीतून चुना ओढून घेणार. चुन्याने तृप्त झालेले पाणी फरशीवर थर टाकते. चुन्याचे भुकेले पाणी फरश्यांमधल्या सिमेंटची भर खाऊन टाकते. दोन्हींच्या मधला समतोल साधणे, एवढेच काम असते.

काठिण्य ६०० असलेल्या कोमट पाण्याचा सामू ८ असेल, तर थर हमखास जमतो. त्याच पाण्याचा सामू ७.३ आणि अल्कलीपणा ७० च्या आसपास ठेवला, तर पाणी जवळजवळ समतोलात येते आणि थर जमणे थांबते. पाणी तेच, क्षार तेवढाच, फरक फक्त सामूचा. पाणी सोडून न देता थर रोखता येतो, तो असा.

सामूचे दुसरे काम याहून मोठे आहे. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो. त्यातले हायपोक्लोरस आम्ल हे जंतुनाशक रूप आहे, दुसरे रूप त्या मानाने फारच दुबळे. सामू ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, तर ८ ला जेमतेम पाव. म्हणजे सामू चढू दिला, तर चार पुड्यांतल्या तीन जवळजवळ वाया जातात. माळी मग आणखी पावडर टाकतो, पाणी आणखी दुधाळ होते आणि दोष पाण्याच्या माथी येतो.

घरगुती तलावासाठी सर्वसाधारण प्रमाणे अशी आहेत. सामू ७.२ ते ७.८, जड पाण्यात ७.२ ते ७.५. मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम. अल्कलीपणा ८० ते १२०, जड पाण्यात ६० ते ८० चालतो. कॅल्शियम काठिण्य २०० ते ४००, आणि सामू सांभाळला तर त्याहून जास्तही निभावते.

प्रयोगशाळेकडून अहवाल घेताना ‘एकूण काठिण्य’ आणि ‘कॅल्शियम काठिण्य’ असे दोन्ही आकडे मागावेत. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम कितीतरी जास्त असते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या विहिरीचा एकूण आकडा घाबरवणारा असला, तरी थर जमवणारे कॅल्शियम त्यात कमी असू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हास्तरीय प्रयोगशाळेत विहिरीचे पाणी तपासून घेता येते. क्लोराइडचा आकडाही पाहावा. तो दरवर्षी चढत असेल, तर समुद्र विहिरीत शिरतो आहे, असा त्याचा अर्थ होतो.

कोणती पावडर काय मागे ठेवते?

बाजारातले प्रत्येक रसायन आपले काम करून काहीतरी मागे ठेवते. ते काय, हे विचारून मगच खरेदी करावी.

ब्लीचिंग पावडर स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी, पण तिच्यात चुना असतो. आधीच जड असलेल्या पाण्यात ती टाकणे म्हणजे खाऱ्या भाजीत मीठ घालणे. कॅल्शियम हायपोक्लोराइटही काठिण्य वाढवते. जड पाण्याच्या तलावाला द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट अधिक मानवते. त्यातून कॅल्शियम वाढत नाही, मात्र थोडे मीठ वाढते आणि साठवणीत त्याची ताकद उतरते. म्हणून ते लहान डब्यात, ताजे आणि सावलीत ठेवावे. आपल्या ४०,००० लिटरच्या तलावात क्लोरीन एक मिलिग्रॅमने वाढवायला दहा टक्क्यांचे हे द्रावण सुमारे ४०० मिलिलिटर पुरते.

टीसीसीए ९० या नावाने मिळणाऱ्या गोळ्या सोयीच्या असतात. त्या चुना वाढवत नाहीत, पण सायन्युरिक आम्ल मागे ठेवतात. थोड्या प्रमाणात, म्हणजे ३० ते ५० मिलिग्रॅमपर्यंत, ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते. जास्त झाले की क्लोरीनलाच जखडून ठेवते. आपल्या मापाच्या तलावात एक किलो गोळ्यांमागे ते सुमारे १४ मिलिग्रॅमने वाढते आणि ना उडून जाते, ना गाळले जाते. तीन-चार किलोंनंतर गोळ्या थांबवून द्रवरूप क्लोरीनकडे वळावे, म्हणजे पाणी बदलण्याची वेळ येत नाही.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण ती अल्कलीपणा खाते आणि मग सामू डळमळतो. अल्कलीपणा फार उतरला तर खाण्याचा सोडा घालावा. आपल्या तलावात तो दहा मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे ६७० ग्रॅम सोडा लागतो. चढलेला सामू उतरवण्यासाठी पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल पंप चालू ठेवून, खोल बाजूला, थोडे थोडे घालतात. कारंजी आणि धबधबे दिसायला सुंदर असतात, पण पाणी खळाळले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू चढतो. पाहुणे नसताना ते बंद ठेवलेले बरे.

इथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. आम्ल आणि क्लोरीनचे कोणतेही रसायन एकत्र आले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट एकाच बादलीत किंवा एकाच मापाने हाताळले, तर आग लागू शकते. दोघांची कपाटे वेगळी, मापे वेगळी असावीत. रसायन नेहमी पाण्यात घालावे, रसायनावर पाणी कधीही ओतू नये. हे काम शेठ करत नाहीत, माळी करतो. त्याला हातमोजे, चष्मा आणि मराठीत लिहिलेली सूचनापाटी देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

दुधाळ पाण्याची परीक्षा

पाणी दुधाळ दिसले, तर काचेच्या पेल्यात ते घेऊन त्यात चमचाभर व्हिनेगर टाकावे. पाणी निवळले तर दोष चुन्याचा, म्हणजे सामू उतरवायला हवा. निवळले नाही तर दोष गाळणीचा किंवा शेवाळाचा. वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ अवस्थेपेक्षा स्पष्ट वाढला, तेव्हाच तो उलट धुवावा. रोज सवयीने धुतला, तर प्रत्येक वेळी पाचएकशे लिटर पाणी जाते आणि महिन्याला पंधरा हजार लिटरांचा खड्डा पडतो. फरशीवरचा पांढरा थर लिंबूरसाच्या आम्लाने किंवा सौम्य व्हिनेगरने, पातळी थोडी खाली असताना, हाताने घासून निघतो. विहिरीच्या पाण्यात लोह असेल, तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होते. तेव्हा घाबरून न जाता फिल्टर चालू ठेवावा.

तलावाचा तळ स्पष्ट दिसत नसेल, तर मात्र मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. गढूळ पाण्यात बुडणारे मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. ही गोष्ट सौंदर्याची नाही, जिवाची आहे.

नवे पाणी द्यायचे काम पावसाचे

इतके करूनही वर्षभरात क्षार साठतोच. तो कमी करायला खरोखर नवे पाणी लागते. मात्र ते विहिरीतून घेण्याचे कारण नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. ३२ चौरस मीटरच्या तलावावर तेवढ्या पावसाने ६४,००० लिटर पाणी येते, म्हणजे दीड तलाव भरेल इतके. आणि त्यात काठिण्य जवळजवळ शून्य.

जून लागण्यापूर्वी पातळी फूटभर उतरू द्यावी, ती बाष्पीभवनाने आपोआप उतरते. पाऊस सुरू झाला की आच्छादन काढून, सांडव्याची वाट मोकळी ठेवून, पंप रोज थोडा वेळ चालवावा, म्हणजे वरचे गोडे पाणी खालच्या क्षाराच्या पाण्यात मिसळेल. श्रावण संपेपर्यंत काठिण्य बरेच उतरलेले असते. मग आच्छादन पुन्हा घालावे. कधी कधी काठिण्य २०० च्याही खाली जाते आणि पाणी चुन्याचे भुकेले होते. तेव्हा विहिरीचे थोडे जड पाणी हेच औषध ठरते.

पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा मात्र कधीही करू नये. त्या दिवसांत किनाऱ्यावर जमिनीतले पाणी अगदी वर आलेले असते. रिकामे टाके होडीसारखे खालून उचलले जाते आणि तडे जातात.

चातुर्मासात अनेक कुटुंबे प्रवास टाळतात आणि घर चार महिने बंद राहते. तेव्हा तलाव वाऱ्यावर सोडू नये. साचलेल्या, हिरव्या पाण्यात डास आणि शेवाळ यांची अगणित उत्पत्ती होते आणि ऑक्टोबरमध्ये एकदम भारी मात्रा टाकून तो सारा पसारा मारावा लागतो. रोज थोडे फिरते ठेवलेले, मोजून राखलेले पाणी जीवोत्पत्तीच होऊ देत नाही. जयणा म्हणतात ती हीच. चुकीनंतरच्या पश्चात्तापाहून आधीची दक्षता तिला जवळची.

एक छोटी वही

या साऱ्याला यंत्रे फार लागत नाहीत. थेंबांनी तपासण्याची एक पेटी आणि एक वही पुरते. माळ्याने एक दिवसाआड सामू आणि क्लोरीन लिहावे, आठवड्याला अल्कलीपणा, महिन्याला काठिण्य आणि सायन्युरिक आम्ल. पाणी किती भरले, रसायन कोणते आणि किती घातले, तेही लिहावे. दुकानाच्या रोजमेळाशिवाय पेढीवर कोणी बसत नाही. पाण्याचा रोजमेळही तसाच असावा. तीन महिन्यांची वही चाळली, की गळती कुठे आहे, सामू कोणत्या दिवसांत चढतो आणि पावडर कुठे वाया जाते, हे आकडेच सांगू लागतात.

मग मे महिन्यात माळी विचारणार नाही, “शेठ, पाणी सोडून नवीन भरू का?” तो वही पुढे करून म्हणेल, “सामू जरा चढलाय शेठ, आज उतरवतो.” मुले स्वच्छ पाण्यात उतरतील, तळाची प्रत्येक फरशी दिसेल आणि कुंपणापलीकडच्या वाडीतली विहीर त्या वर्षीही गोडी राहील.